आवक क्रमांक नसलेली पत्रे

२००४ साली माझी जबलपूरला बदली झाली, तेव्हा माझ्या टेबलावर एक संगणक आधीपासूनच मांडलेला होता. त्यावर विंडोज ९८ होते, टेलिफोनच्या तारेवरून येणारे इंटरनेट होते आणि पत्रव्यवहारासाठी आउटलुक एक्सप्रेसची पाचवी आवृत्ती होती. बाहेरच्या जगात तोवर सहावी आवृत्तीही जुनी झाली होती. पण सरकारी यंत्र मंजुरीने येते आणि निर्लेखनाच्या मंजुरीनेच जाते. मधल्या काळात ते कालबाह्य झाले, ही गोष्ट कोणत्याही नोंदवहीत बसत नाही.

रोज सकाळी मोडेमची ती परिचित किरकिर संपली की पत्रे उतरू लागत. कार्यालयाचा ई-मेल पत्ता आम्हीच हौसेने संकेतस्थळावर जाहीर केला होता, त्यामुळे जगभरातल्या औषधविक्यांना, कर्ज देणाऱ्यांना आणि आफ्रिकेतल्या कुणा दिवंगत मंत्र्याच्या अनामिक विधवांना तो ठाऊक झालेला होता. पंधरा-वीस कामाच्या पत्रांसाठी दीडशे निरुपयोगी पत्रे उतरवून घ्यावी लागत आणि तेवढा वेळ कार्यालयाचा टेलिफोन बंद राही. अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला या व्यवहाराचे कुतूहल वाटे. पाठवणाऱ्याचा खर्च जवळपास शून्य, वाचणाऱ्याचा वेळ आणि टेलिफोनचे बिल मात्र खरे. असा व्यवहार कुणाला थांबवावासा वाटेल?

हा प्रश्न टपालाच्या इतिहासात एकदा सुटलेला आहे. १८४० पूर्वी इंग्लंडमध्ये पत्राचे पैसे बहुधा घेणारा देई. रोलंड हिल यांनी १८३७ च्या आपल्या पुस्तिकेत ती पद्धत मोडून काढण्याचा आग्रह धरला आणि तीन वर्षांनी एका पेनीचे तिकीट आले. आपल्याकडे १८५४ च्या कायद्याने देशभर एकच दर झाला. पाव तोळ्याच्या पत्राला अर्धा आणा, मग ते शेजारच्या गावी जावो की कलकत्त्याला. तिकीट न लावता पत्र टाकले तर घेणाऱ्याकडून दुप्पट आकार वसूल होई. मराठीत त्याला आपण ‘नॉटपेड’ म्हणत असू. जबलपूरला आल्यावर मला समजले की हिंदीतला ‘बैरंग’ हा शब्द म्हणजे इंग्रजी ‘बेअरिंग’च, बैरंग परतणे म्हणजे हात हलवत परतणे, हा वाक्प्रचार मुळात टपाल खात्याचा आहे. नॉटपेड पत्र नाकारण्याचा हक्क घेणाऱ्याला होता. ई-मेलमध्ये प्रत्येक पत्र एका परीने नॉटपेडच असते, पण नाकारण्याची खिडकी नाही. आकार आधी वसूल होतो, पत्र मग दिसते.

जबलपूर हे टपालाचेच गाव म्हणावे इतके ते टपालाशी बांधलेले आहे. मार्च १८७० मध्ये मुंबईकडून आलेल्या ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे रूळ आणि अलाहाबादेकडून आलेल्या ईस्ट इंडियन रेल्वेचे रूळ येथे जुळले आणि मुंबईच्या बंदरात उतरलेली विलायती डाक अखंड लोहमार्गाने कलकत्त्याला जाऊ लागली. माझ्या वेळी येथे रेल्वे टपाल सेवेच्या ‘जेबी’ विभागाचे मुख्यालय होते. एका संध्याकाळी स्टेशनावरच्या छाननी कक्षात बसून मी ते काम पाहिले. समोर लाकडी खणांची भिंत, हातात पत्रांची जुडी, नजर पिनकोडवर आणि मनगटाचा एक झटका. हे सहा आकड्यांचे पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाले. त्यांचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल खात्यातले वरिष्ठ अधिकारी आणि संस्कृतचे कवी. मराठी माणसाने अभिमान बाळगावा अशी ही गोष्ट आहे, पण तिची आठवण फारशी कुणी काढत नाही.

त्या कक्षात मला एक गोष्ट विशेष वाटली. खणांच्या त्या भिंतीत टाकाऊ पत्रांचा खण नव्हता. पत्ता चुकलेले पत्र, पत्ता नसलेले पत्र, ज्याचा मालक वारला ते पत्र, या साऱ्यांसाठी वेगळी वाट होती. ती पत्रे पूर्वीच्या ‘डेड लेटर ऑफिस’मध्ये, म्हणजे पुढच्या ‘रिटर्न्ड लेटर ऑफिस’मध्ये, जात. तेथे अधिकार दिलेला माणूस ती उघडून आत पाठवणाऱ्याचा पत्ता सापडतो का हे पाही. पत्र नष्ट करणे ही शेवटची पायरी, आणि तीही नियमाने.

आमच्या कार्यालयातही तेच तत्त्व होते. मध्य प्रदेशातल्या हिंदी कचेऱ्यांत ‘आवक-जावक’ हा आपलाच शब्द चालतो, हे बाहेरगावी राहणाऱ्या मराठी माणसाला सुखावणारे आहे. आवक शाखेत आलेल्या प्रत्येक कागदाला क्रमांक पडे. लग्नपत्रिका आली तरी क्रमांक, वेड्यावाकड्या अक्षरातले शिवीगाळीचे पत्र आले तरी क्रमांक. त्यात काही करण्यासारखे नसेल तर कोपऱ्यात ‘दप्तरदाखल’ असा शेरा आणि खाली सही. महाराष्ट्रातल्या महसुली दप्तरात कागदांची अ, ब, क, ड अशी वर्गवारी असते. त्यातल्या अगदी शेवटच्या ‘ड’ वर्गालाही एक वर्षाचे आयुष्य मिळते. म्हणजे निरुपयोगी ठरवणे हा निर्णय होता, त्याला कर्ता होता आणि दिनांक होता. लोक आम्हाला कागदी घोडे नाचवणारे म्हणतात, आणि ते पुष्कळदा खरेही असते. पण या घोड्याच्या पाठीवर कोण बसले होते हे नंतर सांगता येत असे.

ई-मेलने ही शिस्त कुणाच्या लक्षात न येता मोडली. टेबलावरच्या कागदाला क्रमांक होता, पडद्यावरच्या पत्राला नव्हता. कामाचे पत्र असेल तर मी ते छापून आवक शाखेत पाठवी व तेथे ते जन्माला येई. तत्पूर्वी ते माझ्या खाजगी मर्जीच्या गर्भात असे, असे म्हटले तरी चालेल.

पहिल्याच महिन्यात मी कंबर कसली. आउटलुक एक्सप्रेसमध्ये दोन हत्यारे होती. एक, ‘ब्लॉक्ड सेंडर्स’ची यादी, म्हणजे नकोशा पत्रलेखकांची काळी यादी. ती मी शंभर-सव्वाशे नावांनी भरली आणि ती पूर्ण निष्फळ ठरली, कारण यातला कुणीही एकच पत्ता दुसऱ्यांदा वापरत नसे. त्याचे मूळ ऑगस्ट १९८२ मध्ये आहे. जोनाथन पोस्टेल यांनी तेव्हा लिहिलेल्या टपालाच्या नियमावलीत पाठवणाऱ्याने स्वतःचे जे नाव सांगावे तेच खरे मानायचे अशी योजना होती. एकमेकांना ओळखणाऱ्या संशोधकांच्या जाळ्यासाठी ते पुरेसे होते. खरे तर तेथेही १९७८ च्या मे महिन्यात गॅरी थर्क या विक्री-अधिकाऱ्याने आपल्या कंपनीच्या नव्या संगणकाचे आमंत्रण सुमारे चारशे जणांना एकदम धाडले होते. पत्त्यांची यादी इतकी लांबली की ती पत्राच्या मजकुरात सांडली. त्याची कानउघाडणी झाली आणि विषय मिटला. पुढे एप्रिल १९९४ मध्ये ॲरिझोनातल्या एका वकील दांपत्याने अमेरिकेच्या ग्रीन कार्ड सोडतीची जाहिरात युजनेटच्या हजारो चर्चागटांत एकाच वेळी टाकली. आपल्यातली कित्येक कुटुंबे त्या सोडतीच्या नावाने आजही फसवली जातात, म्हणून हा प्रसंग सांगितला. डबाबंद मांसाचे नाव या उपद्रवाला पडले ते मॉण्टी पायथन या विनोदी मंडळींच्या १९७० च्या एका प्रहसनामुळे. त्यात खानावळीतल्या प्रत्येक पदार्थात तेच मांस असते.

दुसरे हत्यार म्हणजे ‘मेसेज रूल्स’. विषयात किंवा मजकुरात अमुक शब्द आढळला तर पत्र तमुक पेटीत टाक. मी मोठ्या उत्साहाने शब्द नेमले. पहिल्याच आठवड्यात वैद्यकीय प्रतिपूर्तीचे अर्ज दिसेनासे झाले. शोध घेता कळले की प्रत्येक अर्जात वय आणि लिंग यांचा रकाना असतो आणि त्यातल्या ‘सेक्स’ या शब्दावर माझा पहारेकरी तुटून पडत होता. तो शब्द काढला. मग एका औषधाचे ‘सिआलिस’ हे नाव टाकले, तर ‘स्पेशालिस्ट’ डॉक्टरांचे अहवाल अडकले. कारण हा कार्यक्रम शब्द पाहत नसे, अक्षरांची ओळ पाहत असे. आणि इंग्रजीत स्पेशालिस्ट लिहिताना मधली सहा अक्षरे नेमकी त्या औषधाची येतात. ‘सोशॅलिस्ट’मध्येही ती येतात. १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने आपल्या संविधानाच्या उद्देशिकेत तो शब्द आला आहे, तेव्हा कुणी मला उद्देशिका पाठवली असती तर तीही कचऱ्यात गेली असती. मी ही गोष्ट सहकाऱ्यांना चहाच्या वेळी रंगवून सांगत असे. आपल्या चुका सापडल्या, म्हणजे आता चूक उरली नाही, अशी माझी समजूत झाली होती. ‘फ्री’, म्हणजे फुकट, हा शब्द मात्र यादीत तसाच होता.

शिवाय मी आणखी एक सोय करून ठेवली होती. कार्यक्रम बंद करताना ‘डिलीटेड आयटम्स’ची पेटी आपोआप रिकामी व्हावी, असा एक पर्याय त्यात होता. चकती लहान होती, म्हणून मी तेथे खूण केली.

२००५ च्या फेब्रुवारीत आवक शाखेतून एक पोस्टकार्ड माझ्यापुढे आले. पन्नास पैशांचे, मराठीत, वळणदार पण थरथरत्या अक्षरात. लिहिणाऱ्या बाई जबलपूरच्याच. त्यांचे यजमान मूळचे विदर्भातले. तेव्हा नागपूर आणि जबलपूर एकाच मध्य प्रांत-वऱ्हाडात होते, आणि १९४२ च्या आंदोलनात पकडल्यावर त्यांना येथल्या तुरुंगात आणले गेले. सुटल्यावर ते येथेच शिक्षक झाले. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि हे घर सीमेच्या या बाजूस राहिले. यजमान वारल्यावर बाईंना स्वातंत्र्यसैनिक सन्मान निवृत्तिवेतन मिळत होते. नोव्हेंबरचा हयातीचा दाखला बँकेत दिलेला असूनही डिसेंबरपासून ते थांबले होते. ‘नातवाने आपणांस संगणकावरून तीन वेळा कळविले आहे, उत्तर नाही. मी हयात आहे.’ एवढाच मजकूर. शेवटचे वाक्य स्वतंत्र ओळीत होते.

मी पेट्या शोधल्या. काही नव्हते. मला प्रथम वाटले ते आज लिहिताना संकोच होतो: मुलाने पाठवले नसेल, आजीला सांगितले असेल. कर्मचाऱ्याला पाठवून नातवाला बोलावले. तो बारावीचा मुलगा तिन्ही पत्रांचे छापील कागद घेऊन आला. सायबर कॅफेत प्रत्येक पानाला पैसे मोजून त्याने ते छापून घेतले होते. पहिले डिसेंबरचे, दुसरे जानेवारीचे, तिसरे फेब्रुवारीचे. पत्ता बरोबर होता. विषयाच्या ओळीत इंग्रजीत लिहिले होते: ‘फ्रीडम फायटर फॅमिली पेन्शन’. त्या ओळीतली पहिली चार अक्षरे मी बराच वेळ पाहत राहिलो.

१५ ऑगस्ट १९७२ रोजी, पिनकोडच्याच दिवशी, स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवानिमित्त ही निवृत्तिवेतन योजना सुरू झाली होती. ज्याला किमान सहा महिने तुरुंगवास घडला त्याला ती लागू. सहा महिने तुरुंगात होतो हे सिद्ध करायला तुरुंगाचा दाखला, तो न मिळाल्यास सहबंद्याचे प्रमाणपत्र; एवढ्या चाळण्यांतून उतरून आलेला अधिकार माझ्या चार अक्षरांच्या नियमाने अडवला. बँकेला एक टेलिफोन केला, एक पत्र लिहिले. दाखला दुसऱ्याच नस्तीला जोडला गेला होता. मार्चअखेर थकबाकीसह रक्कम जमा झाली. काम तसे अर्ध्या तासाचे होते.

मला अस्वस्थ करणारी बाब वेगळी होती. बाईंनी पोस्टकार्ड लिहिले नसते तर काय झाले असते, याचा विचार केला तर उत्तर सोपे आहे. पण आणखी किती पत्रे तशी गेली, हे शोधण्याचा मार्गच उरला नव्हता. पाच महिने रोज संध्याकाळी ती पेटी माझ्याच आज्ञेने रिकामी होत होती. १९९३ च्या सार्वजनिक अभिलेख अधिनियमानुसार शासकीय अभिलेख विहित रीतीखेरीज नष्ट करणाऱ्यास पाच वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, होऊ शकतात. नोंद न झालेले पत्र अभिलेख आहे की नाही यावर वकील वाद घालतील. मी नस्तीवर घडलेला प्रकार, माझ्या चुकीसह, लिहून काढला. वरिष्ठांनी ‘पाहिले’ असा शेरा मारून ती परत पाठवली.

योगायोग असा की दोन वर्षांपूर्वी याच प्रश्नाची दोन उत्तरे दोन अगदी वेगळ्या ठिकाणी दिली गेली होती. १९९९ च्या जूनमध्ये केंद्रीय दक्षता आयोगाने, एन. विठ्ठल आयुक्त असताना, निनावी व खोट्या नावाच्या तक्रारींवर कारवाई करू नये असे परिपत्रक काढले. हेतू चांगला होता. बढतीच्या वेळी प्रामाणिक अधिकाऱ्याविरुद्ध असा अर्ज हमखास येतो हे आम्ही सारे जाणतो. ही पाठवणाऱ्याच्या नावावरून केलेली चाळणी होती, माझ्या काळ्या यादीसारखी. पण तक्रारीत पडताळता येईल असा मजकूर असेल तर? १९९९ च्या नियमाला ऑक्टोबर २००२ मध्ये आयोगाने मुरड घातली आणि आपल्या संमतीने अशा तक्रारी तपासण्याची वाट ठेवली. पुढे २०१४ मध्ये ती वाट पुन्हा बंद झाली. नाव पाहावे की मजकूर पाहावा, याबाबत शासनाचे मन असे हेलकावत राहिले आहे.

त्याच २००२ च्या ऑगस्टमध्ये पॉल ग्रॅहम या अमेरिकी प्रोग्रामरने एक निबंध प्रसिद्ध केला होता. त्याचे म्हणणे, नियम लिहीतच बसू नका. तुमची हजारो चांगली पत्रे आणि हजारो वाईट पत्रे यंत्राला द्या. प्रत्येक शब्द कोणत्या ढिगात किती वेळा येतो हे ते मोजील. मग नव्या पत्रातले सर्वांत बोलके पंधरा शब्द निवडून, अठराव्या शतकातले धर्मोपदेशक थॉमस बेझ यांच्या संभाव्यतेच्या सूत्राने ते पत्र कोणत्या बाजूचे हे ठरवील. बेझ यांचा तो लेख त्यांच्या मृत्यूनंतर १७६३ साली प्रसिद्ध झाला, एम.ए.ला आम्ही तो निवडणुकीच्या अंदाजांसाठी शिकलो, टपालासाठी नव्हे. या पद्धतीत ‘फ्री’ हा शब्द एकटा फाशी देऊ शकत नाही, कारण शेजारी ‘पेन्शन’ उभा राहून त्याची साक्ष देतो. मला सर्वांत भावलेली गोष्ट म्हणजे ग्रॅहमने चांगल्या पत्रांतली शब्दसंख्या मुद्दाम दुपटीने धरली होती. दोन कचरापत्रे आत आली तरी चालतील, एक खरे पत्र बाहेर जाता कामा नये, हा पक्षपात त्याने गणितातच घातला होता.

आमच्या जुन्या कार्यक्रमात हे काही नव्हते आणि नवा संगणक मिळायला अर्थसंकल्प यायचा होता. तेव्हा ‘पॉपफाइल’ नावाचा एक फुकटचा कार्यक्रम मिळाला (फुकटचा, हे खरेच). जॉन ग्रॅहम-कमिंग यांनी तो रचलेला होता. तो टपालघर आणि आउटलुक एक्सप्रेस यांच्या मध्ये बसे, पत्र वाचे आणि विषयाच्या ओळीवर आपला शिक्का मारी; जुना कार्यक्रम तेवढा शिक्का पाहून पत्र वेगळ्या पेटीत टाकी. तो काहीही नष्ट करत नसे, आणि आपल्या निर्णयांची यादी ठेवत असे, चुकलेला निर्णय दुरुस्त करता यावा म्हणून. हे पाहून मला आमचे दप्तरदाखल आठवले. पेटी आपोआप रिकामी करण्याची खूण मी काढून टाकली.

शिकवताना एक अडचण आली ती इंग्रजी जगाला सुचणे शक्य नव्हते. मध्य प्रदेशात हिंदी टंकलेखन तेव्हा ‘कृतीदेव’ या टंकात होत असे, आणि मराठी पत्रेही लोक त्यातच लिहीत. तो टंक नसलेल्या यंत्रावर ‘मेरा’ हा शब्द ई-एस-जे-के अशा निरर्थक रोमन अक्षरांत दिसे. युनिकोड अस्तित्वात होते, पण विंडोज ९८ ला देवनागरीत ते वाचता येत नव्हते. पॉपफाइलला ही पत्रे म्हणजे अनोळखी शब्दांचे गाठोडे वाटे. आणि त्याला का दोष द्यावा? त्याआधी कित्येक महिने मी स्वतः अशी पत्रे उघडून, अक्षरांचा चिवडा पाहून, हाताने पुसून टाकली होती. कुणी शेतकरी, कुणी निवृत्त फिटर, आपापल्या भाषेत काही सांगत होते. मग आवक शाखेतल्या लिपिकाने युक्ती काढली: असे पत्र आले की कृतीदेव असलेल्या टंकलेखन कक्षाच्या यंत्रावर नेऊन उघडायचे. आठ-दहा दिवसांत पॉपफाइल ई-एस-जे-के हा चांगला शब्द मानू लागला. नव्या जबलपुरी विद्यार्थ्याचे आम्हाला कौतुक वाटले.

कायद्याने या उपद्रवाला हात घालण्याचा प्रयत्न पुढे झाला. माहिती तंत्रज्ञान कायद्यात २००८ च्या दुरुस्तीने आलेल्या ६६ अ कलमात त्रास देण्यासाठी किंवा पाठवणाऱ्याचे मूळ लपवण्यासाठी धाडलेला ई-मेल गुन्हा ठरवला होता. परंतु ते कलम इतके मोघम होते की औषधविक्यांऐवजी समाजमाध्यमांवर लिहिणारी तरुण मुले त्यात अडकली, आणि २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने श्रेया सिंघल प्रकरणात ते रद्द केले. तीही एक चाळणीच होती, आणि तिची भोके माझ्यासारखीच चुकीच्या मापाची होती.

आज छाननी माझ्या टेबलापर्यंत येतच नाही. ती दूर कुठेतरी सर्व्हरवर होते, आणि पुष्कळशी पत्रे दाराबाहेरच परतवली जातात. २००७ साली केंद्राची तक्रार निवारण प्रणाली संकेतस्थळावर आली तेव्हा मला समाधान वाटले ते एवढ्यासाठी की तेथे तक्रार करणाऱ्याला पहिल्याच क्षणी नोंदणी क्रमांक मिळतो.

जबलपूर सोडताना मी ते पोस्टकार्ड कोणत्या वर्गात ठेवावे, असे लिपिकाने मला विचारले. प्रकरण निकाली निघालेले, थकबाकी दिलेली; नियमाने ते लवकर नष्ट होणाऱ्या कागदांत जायला हवे होते. मी वर्गाचा रकाना भरण्यापूर्वी त्याची एक छायाप्रत काढून घेतली. मूळ कार्डावर आवक शाखेचा निळा शिक्का, क्रमांक आणि दिनांक स्पष्ट उमटलेले होते.